लेन्सच्या दुरुस्तीचा आकडा ऐकण्याआधी: कंपनीकडे कधी, बाहेर कधी आणि कुठल्या क्रमाने

कॅमेऱ्याची लेन्स टेबलावरून खाली येते आणि दुसऱ्या दिवशी माणूस ती घेऊन सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर उभा असतो. आठवडाभराने एस्टिमेट येतं. आकडा सेकंडहँड लेन्सच्या किमतीला भिडलेला. मग रागारागाने लेन्स परत आणायची, ओळखीच्या कुणाकडून तरी उघडून घ्यायची, त्याला जमलं नाही की मुकाट्याने पुन्हा कंपनीकडे जायचं. आमच्या भागातल्या स्टुडिओवाल्यांचं दर लग्नसराईत हेच चालतं, आणि एकदा मीही हेच केलं. तेव्हा काउंटरवरच्या माणसाने भिंगातून मागच्या स्क्रूकडे पाहिलं, कडा खाल्लेल्या दिसल्या, आणि जॉबशीटवर लिहिलं: "आधी उघडलेली." पुढचं बोलणं तिथेच संपलं.

पैसे वाचतात ते काम ठरावीक क्रमाने केल्यामुळे. तो क्रम पुढे देतो.

## आकडा एवढा का येतो

कंपनी सहसा सुटा पार्ट बदलत नाही, असेंब्ली बदलते. कॅननच्या पहिल्या चोवीस-एकशेपाच एफ ४ एल लेन्सचं दुखणं बऱ्याच जणांना माहीत असेल. अपर्चरकडे, म्हणजे प्रकाश आत घेणाऱ्या लहानमोठ्या होणाऱ्या छिद्राकडे जाणारी कागदासारखी पातळ फ्लेक्स केबल झूम करून करून तुटते. एफ ४ ला, म्हणजे छिद्र पूर्ण उघडं असताना, फोटो येतो; एफ ८ करून ते लहान केलं की एरर ०१. तुटलेली असते ती पट्टी, पण कंपनी बसवते अख्खं अपर्चर युनिट. बाहेरचा कारागीर फक्त पट्टी बदलतो. बिलातला फरक तिथून सुरू होतो.

पण कंपनी आणखी एका कामाचे पैसे घेते आणि ते काम खरं असतं. लेन्स उघडून बंद केली की काचा पुन्हा एका रेषेत आणाव्या लागतात. आत शिम म्हणजे अगदी पातळ चकत्या असतात, काही ठिकाणी काच किंचित सरकवायला ॲडजस्टमेंटचे स्क्रू असतात. हे नजरेने जमत नाही, काचांची रेष मोजणारा टेस्ट बेंच लागतो. म्हणून आधी एवढंच शोधायचं: तुमच्या बिघाडाला त्या बेंचची गरज आहे का?

## टप्पा १: आजार लेन्सचाच आहे ना?

या टप्प्याला जेमतेम अर्धा तास लागतो, आणि नेमका हाच सगळे गाळतात.

पहिलं काम, अदलाबदल. हीच लेन्स दुसऱ्या बॉडीवर लावा आणि याच बॉडीवर दुसरी लेन्स लावा. मित्राची बॉडी उसनी आणा, पण हे कराच. दोन्ही लेन्सना तीच तक्रार असेल तर दोष बॉडीत आहे.

दुसरं, कॉन्टॅक्ट साफ करणं. लेन्सच्या मागचे सोनेरी ठिपके आणि बॉडीवरच्या पिना, दोन्ही. सुती नसलेल्या, तंतू न सोडणाऱ्या कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावा आणि हलक्या हाताने पुसा. थेंब कापडावर टाकायचा, लेन्सवर नाही. पेन्सिलच्या खोडरबराने घासायचा सल्ला बरेच जण देतात. त्याचा चुरा बॉडीत पडतो, मग सेन्सर साफ करायचा खर्च वेगळा.

तिसरं, फोकसची तक्रार. डीएसएलआरवर (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्यावर) एकच वस्तू एकदा व्ह्यूफाइंडरमधून आणि एकदा लाइव्ह व्ह्यूवर, म्हणजे मागच्या स्क्रीनवर, फोकस करून टिपा, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून. लाइव्ह व्ह्यूचा फोटो टोकदार आणि व्ह्यूफाइंडरचा मऊ आला, तर काचा ठणठणीत आहेत. फोकस वस्तूच्या थोडा पुढे किंवा मागे पडतोय, म्हणजे फ्रंट फोकस किंवा बॅक फोकस आहे. निकॉन डी ७५०० किंवा कॅनन ८० डी यांसारख्या बॉडीत ते मेनूमधूनच सुधारता येतं. निकॉनमध्ये त्याला एएफ फाइन ट्यून म्हणतात, कॅननमध्ये एएफ मायक्रोॲडजस्टमेंट. स्वस्त बॉडीत ही सोय नसते. डीएसएलआरसाठीच्या सिग्माच्या आर्ट, कंटेम्पररी आणि स्पोर्ट्स लेन्स यूएसबी डॉकवर लावून घरीच जुळवता येतात; टॅमरॉनच्या काही लेन्ससाठी टॅप-इन कन्सोल आहे. डॉक विकत घ्यायची गरज नाही, चार जणांत एक पुरतो. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे तिथे ही भानगड सहसा नसते.

आणि हे बिघाड नव्हेत, यासाठी लेन्स कुठेही नेऊ नका:

- कॅमेरा बंद असताना लेन्स हलवली की आत खडखडतं. स्टॅबिलायझरचा (हाताची थरथर सावरणाऱ्या यंत्रणेचा) किंवा लिनियर मोटरचा काचांचा गट मोकळा असतो. फुजीची नव्वद एमएम एफ २ तर बंद असताना चांगलीच खडखडते. कॅमेरा चालू केल्यावर आवाज थांबला तर सगळं ठीक आहे.
- लेन्स खाली धरली की झूम आपोआप घसरतो. लांब झूमची ही सवयच.
- काचेमागे धुळीचे दोन-चार कण. फोटोत दिसत नाहीत. एफ २२ ला पांढऱ्या भिंतीच्या फोटोत जे काळे ठिपके दिसतात ते सेन्सरवरचे.

तपासा: अदलाबदल करून काढलेले फोटो मोबाइलवर ठेवलेत का? पुढे काउंटरवर ते लागतील.

## टप्पा २: बिघाडाला नाव द्या

"लेन्स चालत नाही" असं लिहून दिलं की समोरचा माणूस सगळं तपासतो आणि सापडेल ते सगळं एस्टिमेटमध्ये घालतो. तुम्ही नेमकं नाव दिलंत तर बोलणं त्या नावापुरतं राहतं.

अपर्चर. कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ एकच ठेवा. एफ ४ ला शटर १/५००, एफ ५.६ ला १/२५०, एफ ८ ला १/१२५, एफ ११ ला १/६० असे चार फोटो घ्या. चारही सारखे उजळ यायला हवेत. छिद्र लहान होत जाताना फोटो पांढरे पडत असतील तर पाती अडकतायत किंवा त्यांच्यावर तेल आलंय. एफ ४ नंतर थेट एररच आली तर फ्लेक्सवर संशय घ्या.

काचा तिरक्या होणं. पडलेल्या लेन्सचा हा खरा आजार, आणि बाहेरून ओरखडासुद्धा दिसत नाही. समोरच्या इमारतीच्या गच्चीची किंवा खिडक्यांच्या ओळींची निवड करा, लांब आणि सपाट. अपर्चर पूर्ण उघडं, कॅमेरा ट्रायपॉडवर. फोटोचे चारही कोपरे शंभर टक्के मोठे करून पाहा. एकच कोपरा मऊ असेल तर कॅमेरा उलटा करून पुन्हा टिपा. मऊपणा फ्रेमच्या त्याच कोपऱ्यात राहिला तर दोष लेन्स-बॉडीत आहे. इमारतीच्या त्याच भागाबरोबर राहिला तर तुम्ही इमारतीसमोर तिरके उभे होता. ही दुसरी शक्यता न तपासता लेन्स कंपनीला पाठवलेले दोन जण मला माहीत आहेत, आणि त्यातला एक मी नाही.

बुरशी. कोकणात, मुंबईत आणि पावसाळ्यात सगळीकडेच. दोन्ही झाकणं काढा, अंधाऱ्या खोलीत मागून मोबाइलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. कॅननच्या ईएफ लेन्सचं अपर्चर सुटी असताना उघडं असतं; निकॉनच्या जी लेन्सचं मिटलेलं असतं, मागची छोटी दांडी बोटाने हळू सरकवून उघडावं लागतं. ते न उघडता "आत काही नाही" म्हणणारे खूप. मुळांसारखे किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. एकसारखं धुकं म्हणजे तेलाची वाफ बसलीय. काठाला इंद्रधनुषी डाग किंवा बुडबुडे म्हणजे चिकटवलेल्या दोन काचांचा जोड सुटतोय, आणि ते पुसून जात नाही. बुरशी कुठल्या काचेवर आहे हे टिपून ठेवा. पहिल्या किंवा शेवटच्या गटात असेल तर काम लहान, मधल्या गटात असेल तर अख्खी लेन्स खोलावी लागते.

भंडारा, गुलाल, हळद. याचं वेगळं सांगायला हवं, कारण ही आपल्याकडचीच दुखणी आहेत. जेजुरीला सोमवतीचे फोटो काढून आलेल्या एका झूम लेन्सचं रबर मी सोलून पाहिलं होतं. खालच्या प्रत्येक खाचेत पिवळी रेघ भरलेली, आणि झूमची नळी ग्रीसमध्ये मिसळलेल्या भंडाऱ्याने चिकट झालेली. झूम लेन्स आतबाहेर होताना पंपासारखी हवा ओढते आणि बरोबर पूडही. म्हणून पूड उडाली की झूम फिरवू नका. लेन्स तोंड खाली करून धरा, मऊ कोरड्या ब्रशने झटका, मग हातपंपाने हवा मारा. डब्यातली दाबाची हवा मारलीत तर पूड आणखी आत जाते. ओलं कापड तर नकोच, हळदीचा लगदा होतो.

मागचा माउंट, म्हणजे लेन्स बॉडीत अडकवणारी कडी. निकॉनच्या १८-५५ आणि १८-१०५ या किट लेन्सचा माउंट प्लास्टिकचा. कॅमेरा लेन्सवर आपटला की कडीचे अडकणारे कान मोडतात. दिसायला भयंकर, पण दुरुस्तीत सगळ्यात सोपं.

स्टॅबिलायझर. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उडतंय? बटण बंद करा. चित्र स्थिर झालं आणि वरची कोपऱ्यांची चाचणीही पास झाली, तर एक पर्याय दुरुस्त न करण्याचाही आहे. लग्नात १/२५० ला काम करणाऱ्याला त्याच्यावाचून अडत नाही.

सावधान: लेन्स खाऱ्या पाण्यात पडली असेल तर वरची एकही चाचणी करू नका. कॅमेऱ्यावर लावू नका, चालू करू नका, तांदळाच्या डब्यात तर अजिबात ठेवू नका. तांदळाचं पीठ आत जातं आणि मीठ तिथेच राहतं. त्याच दिवशी उघडू शकणाऱ्या माणसाकडे न्या. मीठ आत सुकलं की मोटर आणि फ्लेक्स दोन्ही खातं.

सावधान: फिल्टरची काच फुटली असेल तर तुकडे काढताना लेन्सचं तोंड खाली ठेवा. वाकलेली रिंग पकडीने ओढू नका. फिल्टर रिंग सरळ करायचं शिकंज्यासारखं हत्यार जाणत्या कारागिराकडे असतं.

## टप्पा ३: कागद आणि तीन किमती

बिल, वॉरंटी कार्ड आणि लेन्सवरचा सिरीयल नंबर एकत्र ठेवा. परदेशातून किंवा आयातदाराकडून स्वस्तात आणलेल्या लेन्सला कंपनीची भारतातली वॉरंटी मिळेल असं धरून चालू नका, आधी फोनवर विचारा. पडणं, पाणी आणि बुरशी हे बहुतेक वॉरंटीत बसतच नाहीत. त्यावर काउंटरवर भांडण्यात अर्थ नाही.

विमा असेल तर दुरुस्तीला हात लावण्याआधी विमा कंपनीला कळवा. सर्व्हेअरने पाहण्याआधी लेन्स उघडली की क्लेम अडकतो. जुनी लेन्स असेल तर कंपनीने त्या मॉडेलची सर्व्हिस बंद केली आहे का तेही बघा. पार्टच नसेल तर एस्टिमेटची वाट पाहण्यात हंगाम जातो.

आता वहीत तीन आकडे लिहा:

1. हीच लेन्स चांगल्या स्थितीत सेकंडहँड केवढ्याला मिळते.
2. आहे त्या मोडक्या स्थितीत केवढ्याला जाईल.
3. दुरुस्तीचा एकूण खर्च. ही जागा सध्या रिकामी ठेवा.

पहिल्या आकड्यात नव्या लेन्सची किंमत घालतात, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. "नवी सत्तर हजाराची आहे, दुरुस्ती पंचवीस, म्हणजे परवडतं." नाही. तीच लेन्स तीस हजारांत वापरलेली मिळत असेल तर तुमची तुलना तिसाशी आहे.

## टप्पा ४: एस्टिमेट मागण्याची रीत

तुमच्या गावातलं "सर्व्हिस सेंटर" कित्येकदा नुसतं कलेक्शनचं ठिकाण असतं. लेन्स तिथून दुसऱ्या शहरात जाते. म्हणून पहिला प्रश्न: "ही प्रत्यक्ष कुठे उघडली जाणार?" मग हे विचारा आणि उत्तरं जॉबशीटवर लिहून घ्या:

- एस्टिमेट नाकारलं तर तपासणीचे किती पैसे? परत पाठवायचा कुरियर कुणाचा?
- मला न विचारता काम सुरू होणार नाही ना?
- एस्टिमेट किती दिवस चालेल?

तक्रार कशी लिहायची? मी अशी लिहितो:

"लेन्स दोन फुटांवरून पडली. फोकस, अपर्चर, झूम चालू आहेत. दोन वेगवेगळ्या बॉडींवर तपासली. पूर्ण उघड्या अपर्चरला डावा वरचा कोपरा मऊ येतो, एफ ८ ला बराच सुधारतो. फोटो सोबत. फक्त याच दोषाचं एस्टिमेट द्यावं. इतर काही आढळल्यास वेगळ्या ओळीत लिहावं."

शेवटची दोन वाक्यं विसरू नका. एस्टिमेटचा आकार त्यांनी ठरतो.

पडली असेल तर पडली म्हणून सांगा. "आपोआप बंद पडली" म्हणण्याने काही मिळत नाही. वाकलेली रिंग आणि आतला तुटलेला प्लास्टिकचा कान त्यांना पहिल्या पाच मिनिटांत दिसतो.

लेन्स देण्याआधी चारही बाजूंनी, पुढून, मागून आणि सिरीयल नंबरचा असे फोटो काढा. फिल्टर, हूड, ट्रायपॉड कॉलर घरी ठेवा. दोन्ही झाकणं लावा, झूम सगळ्यात आखूड करा. कुरियरने जाणार असेल तर खोक्यात खोकं: आतलं खोकं बबल रॅपने घट्ट, दोन खोक्यांच्या मधे सगळीकडे कागदाचे बोळे. पार्सलचा विमा काढा आणि किंमत खरी लिहा.

स्टुडिओ जीएसटीत नोंदलेला असेल तर जॉबशीटवर स्वतःचा जीएसटी नंबर आताच घालून घ्या. बिल निघाल्यावर तो घालायला कुणी तयार होत नाही, आणि दुरुस्तीवरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट जातं.

तपासा: जॉबशीटवर सिरीयल नंबर आहे का? "काचेवर ओरखडे", "जुनी वापरलेली" असे ठोकळेबाज शेरे तुमच्या लेन्सला खरे नसतील तर तिथल्या तिथे खोडून घ्या.

## टप्पा ५: एस्टिमेट वाचणं

नुसता एकूण आकडा फोनवर सांगितला तर मेलवर फोड मागा. पार्ट, मजुरी, जीएसटी, वाहतूक वेगवेगळं दिसलं पाहिजे. पार्टच्या नावापुढे युनिट, असेंब्ली किंवा ग्रुप लिहिलं असेल तर विचारा: यातला सुटा भाग मिळतो का? बहुतेक वेळा "नाही" येतं. कधीतरी "हो" येतं आणि बिल उतरतं, म्हणून विचारायचं.

दोनपेक्षा जास्त असेंब्ली असतील तर प्रत्येक का, तेही विचारा. दोष दाखवणारी असेंब्ली आणि "उघडलंच आहे तर बदलून टाकू" अशी असेंब्ली, यांत फरक आहे. दुसऱ्या प्रकारची ओळ तुम्ही नाकारू शकता. ते काम करायला तयार होतील की नाही हे त्यांच्या हातात, पण विचारल्याशिवाय कळत नाही.

आता वहीतली रिकामी जागा भरा. हिशोब दाखवण्यापुरते आकडे धरतो. चांगली सेकंडहँड लेन्स ३०,०००. मोडकी पार्टसाठी गेली तर ९,०००. कंपनीचं एस्टिमेट २१,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २४,७८०. दुरुस्तीने लेन्सची किंमत ९ वरून ३० हजारांवर जाते, वाढ २१,०००. खर्च २४,७८०. म्हणजे ३,७८० घालवून तुम्ही तीच लेन्स परत मिळवताय. मोडकी विकून दुसरी घेणं स्वस्त.

याला दोन अपवाद मी मानतो. लेन्स सेकंडहँड बाजारात मिळतच नसेल तर. आणि हंगामाच्या मधोमध असाल तर. पण तेव्हाही आधी भाड्याचा हिशोब करा, कारण दुरुस्ती होईपर्यंत भाड्याची लेन्स लागणारच आहे.

## टप्पा ६: कुठला बिघाड कुणाकडे

कंपनीकडेच: काचा तिरक्या होणं, महाग टेलिफोटोतला कुठलाही काचेशी संबंधित दोष, स्टॅबिलायझरचं युनिट, आणि वॉरंटीत असलेली प्रत्येक गोष्ट. इथे तुम्ही बेंचचे पैसे देता. ते वाचवायला गेलात तर लेन्स "चालू" होऊन परत येते आणि उजवी बाजू कायमची मऊ राहते.

बाहेर चालेल: माउंट, वाकलेली फिल्टर रिंग, पुढच्या-मागच्या गटातली बुरशी, झूमच्या नळीतली पूड, रबर, अपर्चरची फ्लेक्स. फ्लेक्ससाठीही लेन्स बरीच खोलावी लागते, त्यामुळे ती त्या मॉडेलवर आधी काम केलेल्याकडेच.

कुणाकडेच नाही: दोन काचांचा जोड सुटलेला, बुरशीने कोटिंग खाल्लेलं, किंवा पन्नास एमएम एफ १.८ सारखी लेन्स, जिची दुरुस्ती नवीच्या जवळ जाते.

क्रमाचा नियम आता सांगतो. यादीतल्या दुसऱ्या गटात शंभर टक्के बसत असेल तर सरळ बाहेर जा. जराही शंका असेल तर आधी कंपनीचं लेखी एस्टिमेट, मग बाहेर. बाहेरून उघडलेली लेन्स घेऊन कंपनीकडे जाणं हा रस्ता बहुतेकदा बंद असतो. एस्टिमेट नाकारण्याचे थोडे पैसे गेले तरी बिघाडाचं निदान कागदावर मिळतं, आणि तोच कागद बाहेरच्या कारागिराला दाखवता येतो.

## टप्पा ७: बाहेरचा कारागीर निवडणं

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेऱ्याची दुकानं आहेत, तिथे विचारत गेलं की कारागिरांपर्यंत पोचता येतं. पुण्यात आणि इतर शहरांत स्टुडिओवाल्यांकडे चौकशी करा. दुकानाची पाटी पाहू नका, उघडणारा हात कुणाचा ते पाहा. काउंटरवरचा माणूस लेन्स घेतो आणि संध्याकाळी ती तिसऱ्याच गल्लीत जाते, असंही होतं.

मी तीन प्रश्न विचारतो. हे मॉडेल याआधी उघडलंय का? पार्ट कुठला लावणार, नवा की दुसऱ्या मोडक्या लेन्समधला? काम झाल्यावर कोपरे कसे तपासणार? दुसऱ्या प्रश्नाला "डोनर लेन्समधला" असं सरळ उत्तर आलं तर घाबरू नका. कंपन्या सुटे पार्ट बाहेर द्यायला नाखूश असतात. निकॉनने तर अमेरिकेत २०१२ साली अनधिकृत दुरुस्तीवाल्यांना पार्ट विकणंच थांबवलं. त्यामुळे मोडक्या लेन्समधून पार्ट काढणं हा या धंद्याचा नेहमीचा भाग आहे. "ओरिजिनल नवा आहे" असं न बघता सांगणाऱ्यापेक्षा मला तो बरा वाटतो. तिसऱ्या प्रश्नावर "लावून बघू, फोकस होतो का" एवढंच उत्तर आलं तर लेन्स पिशवीत घाला आणि निघा.

आगाऊ पूर्ण पैसे देऊ नका. काढलेला पार्ट परत मागा. बिल घ्या, कच्ची चिठ्ठी नको.

स्वतः उघडायची असेल तर: फक्त प्लास्टिकचा माउंट, तोही स्वस्त किट लेन्सचा. जपानी लेन्सचे स्क्रू दिसायला फिलिप्स असले तरी ते जेआयएस मापाचे असतात. साधा स्क्रूड्रायव्हर घसरतो आणि डोकं खातो. माउंट निघाल्यावर खाली पातळ चकत्या दिसल्या तर त्या जशा होत्या तशाच, त्याच जागी परत गेल्या पाहिजेत. निकॉनमध्ये अपर्चरची दांडी खाचेत बसली की नाही ते स्क्रू आवळण्याआधी बोटाने हलवून बघा. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो. यापुढे जाऊ नका, व्हिडिओत कितीही सोपं दिसलं तरी.

## टप्पा ८: परत घेताना

घाईत पैसे देऊन बाहेर पडू नका. बॉडी आणि रिकामं कार्ड बरोबर न्या. काउंटरवरच, याच क्रमाने:

1. सिरीयल नंबर जॉबशीटशी जुळवा.
2. पुढून-मागून टॉर्च मारा. आत नवी धूळ, बोटाचा ठसा, तंतू?
3. झूम आणि फोकस रिंग पूर्ण फिरवा. मधे कुठे अडखळतं का?
4. अपर्चरची चार फोटोंची चाचणी.
5. दाराबाहेर येऊन समोरच्या इमारतीवर कोपऱ्यांची चाचणी. झूम असेल तर दोन्ही टोकांना.

शेवटची चाचणी बहुतेक जण घरी करतात आणि मग पुन्हा शंभर किलोमीटरचा हेलपाटा. टप्पा २ मध्ये काढलेला तोच फोटो मोबाइलवर शेजारी उघडून बघा.

दुरुस्तीची वॉरंटी किती दिवस आणि कशावर, तेही बिलावर लिहून घ्या. "बदललेल्या पार्टवर" आणि "याच तक्रारीवर" यांत बराच फरक आहे. पार्ट शाबूत आणि तक्रार तीच, असं झालं तर पहिल्या प्रकारात तुमच्या हातात काही नाही.

## टप्पा ९: बिनसलं तर

न विचारता काम केलं, लेन्सवर नवे ओरखडे आले, तीच तक्रार आठवड्यात परत आली. फोनवर भांडू नका, मेल करा. जॉबशीट नंबर, देण्याआधीचे फोटो, नंतरचे फोटो आणि तुम्हाला काय हवंय ते एका ओळीत. उत्तरासाठी मुदत द्या.

त्याने हललं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५. पुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांत करावी लागते, आणि लेन्ससारख्या रकमेच्या, म्हणजे पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. बिल द्यायला नकार देणं हीदेखील २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा आहे. बाहेरच्या कारागिराकडून बिल मागा म्हणतो ते यासाठीच.

एस्टिमेट परवडत नाही आणि बाहेरही जमत नाही असं ठरलं, तर लेन्स कपाटात ठेवू नका. बुरशी वाढते आणि नऊ हजारांचे चार होतात. पार्टसाठी म्हणून विका. जाहिरातीत दोषाचं नाव, कोपऱ्यांचा फोटो आणि कंपनीच्या एस्टिमेटचा कागद टाका. घेणारा बहुतेकदा एखादा कारागीरच असतो, आणि त्याला हवी असते ती तुमच्या लेन्समधली शाबूत मोटर.